तात्यांच्या टीव्हीतल्या मुंग्या

निरवांगीच्या त्या घराच्या स्लॅबवर मी घामाघूम उभा होतो. डिशच्या छत्रीला मीटर लावलेला, सिग्नल भरपूर. आणि खालून तात्या ओरडत होते, "अजून हायतच मुंग्या!"

टीव्हीचा नवा बॉक्स मीच आठवड्यापूर्वी बसवला होता. तात्या रोज शेतीचा कार्यक्रम बघायचे. औषधांची नावं खाली बारीक अक्षरांत येतात, ती त्यांना नीट वाचता येत नव्हती. महिन्याचं रिचार्ज नको होतं. म्हणून छत्री तीच ठेवली आणि फुकट दिसणारं मराठी चॅनल एचडीत दाखवणारा बॉक्स दिला. एचडी म्हणजे तेच चित्र, जास्त बारकाव्यानं.

सोमवारी त्यांच्या सुनेचा, मंगलताईचा फोन आला होता. "दादा, तात्या म्हणत्यात टीव्हीत मुंग्या येत्यात."

"वायर ढिली असेल. पिन काढून परत लावा," म्हणालो आणि फोन ठेवला. मी दुसऱ्या कामात होतो. गेलो ते थेट गुरुवारी.

जुन्या अँटेनाचा सिग्नल कमी पडला की पडद्यावर ठिपके वळवळायचे. त्या मुंग्या. डिजिटलमध्ये त्या येतच नाहीत. सिग्नल गेला तर चित्राचे चौकोन होतात, चित्र अडकतं, नाहीतर 'नो सिग्नल'. हे मला पाठ आहे. पण आमच्याकडे कसल्याही बिघाडाला लोक मुंग्याच म्हणतात, म्हणून मी तो शब्द कानाआड केला.

खाली आलो. चित्र काचेसारखं स्वच्छ होतं.

"तात्या, कुठंयत मुंग्या?"

"ह्या काय! काळ्या. आन् डाव्या अंगाला पडदा वडल्यागत झालंय कालपासनं."

"ताई, तुम्हाला दिसतात?"

"आमी दिवसभर रानात. टीव्ही तात्याच बगत्यात." तिनं वाकून पाहिलं. "मला तर न्हाय दिसत."

मी टीव्ही बंद केला. "आता भिंतीकडं बघा."

"भितीवर बी हायत की," तात्या शांतपणे म्हणाले. "म्हटलं, एचडीचा उजेड डोळ्यात बसला आसंल. जाईल हळूहळू."

एकेक डोळा झाकायला लावला. उजव्यानं सगळं स्वच्छ. डाव्यात मुंग्या, आणि तो पडदा.

छत्री तशीच सोडली. मंगलताईला आणि तात्यांना गाडीत घातलं आणि बारामतीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तपासून बाहेर आल्या. "डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. ठिपके दिसायला लागले त्याच दिवशी यायला हवं होतं. तेव्हा कडेलाच फाटला असणार. आता मधला भागही सुटलाय. ऑपरेशन करू, पण पहिल्यासारखं दिसेल असं सांगत नाही."

ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याला आता उजेड कळतो, माणसाची हालचाल कळते. अक्षर कळत नाही. औषधांची नावं तात्या उजव्या डोळ्यानं वाचतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. उलट मंगलताई म्हणते, "दादा, तुमी आला म्हणून तेवढं तरी राहिलं." ते ऐकलं की मला जास्तच लाज वाटते.

आता कुणीही फोन केला की मी आधी विचारतो, "घरात बाकीच्यांनाही तसंच दिसतंय का?" काही गिऱ्हाइकं हसतात, काही चिडतात. विचारायला अर्धं मिनिट लागतं. त्या सोमवारी ते मी दिलं नाही.