दगडफुलाचा वेग

माझी पहिली नोकरी कर्वे रस्त्यावरच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत होती. परदेशातल्या शाळांसाठी आम्ही सजीवांच्या माहितीची सीडी बनवत होतो. कोणतेही दोन जीव निवडले की त्यांची तुलना पडद्यावर यायची. मी फक्त रकाने भरायचे: वजन, आहार, वेग, पाय. एकही रकाना रिकामा ठेवता येत नसे, आणि पानाखाली भरणाऱ्याची आद्याक्षरं जात.

माझ्या वाट्याला तीन बोटांचा स्लॉथ आणि एक लायकेन आले. स्लॉथ सोपा होता. झाडाला उलटा लटकतो, आठवड्यातून एकदा खाली उतरतो. लायकेन म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. इंग्रजी शाळेत मी त्याची व्याख्या पाठ केली होती, पण आईच्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल तेच, हे या नोकरीत कळलं. स्लॉथच्या केसांतही शेवाळ वाढतं. तुलना करण्यासारखी हीच गोष्ट होती, आणि तिला रकाना नव्हता.

वेगापुढे मी "लागू नाही" लिहिलं. टीम लीडरने "आकडाच हवा" म्हणून पान परत पाठवलं. मग शून्य टाकलं. सॉफ्टवेअरने वाक्य जुळवलं: लायकेन स्लॉथपेक्षा हळू पळते. खाली माझी आद्याक्षरं. या वेळी पान पास झालं.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "पळत नाही? मग डब्यातलं इतक्या लवकर जातं कुठे?"

दुसऱ्या दिवशी मी थोडं दगडफूल पुडीत बांधून नेलं आणि टीम लीडरच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"लायकेन."

त्यांनी हुंगून पाहिलं. "अहो, हे दगडफूल आहे. मला वाटलं, लायकेन म्हणजे गोगलगायीसारखं काहीतरी असेल."

तीन आठवडे हा माणूस माझी पानं तपासत होता.

"पाय किती लिहिलेत?"

"चार. तो रकाना शून्य घेतच नाही."

"मग राहू द्या. क्लायंट कुठे मसाला कुटायला बसलाय?"

तोवर मी त्यांच्याशी हो-नाहीपलीकडे बोलले नव्हते. "मग खाली माझी आद्याक्षरं नकोत," मी म्हणाले. "तुमची घाला."

त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. लायकेनचं पान सीडीतून काढून टाकलं.

पुडी मात्र परत दिली नाही.