देवदूताचे चंदेरी पंख

तिसरी घंटा झाली आणि चर्चच्या हॉलमधला पडदा अडखळत वर गेला. पडदा म्हणजे दोन जुन्या चादरी. पण नाताळच्या नाटकाला तेवढा थाट पुरे. रात्री दिवे लावायची बंदी, म्हणून युद्धातले प्रयोग भरदुपारी. गव्हाणीतलं बाळ, पेंगणारे मेंढपाळ, आणि स्टुलावर देवदूत होऊन उभी असलेली छोटी मॉरीन थ्रेलफॉल. तिचे पंख असे लखलखले, की हॉल क्षणभर श्वास घ्यायचा विसरला.

विंगेत एनिडचा ऊर भरून आला. पोरीचा बाप आफ्रिकेत लढत होता. निदान पंख तरी आईने दिले.

"अगं बाई, एनिड!" प्रेक्षकांतून ॲडाचा आवाज खणखणला. "हे तर आपल्या कारखान्यातलं दिसतंय!"

लोक खो खो हसले. फोरमन मिस्टर हॅरॉप मात्र उठून उभे राहिले.

इंग्लंडातल्या लँकशायरच्या त्या कागद कारखान्यात बायका पट्ट्या कापत: एका अंगाला चंदेरी वर्ख, दुसरं अंग काळं. कशासाठी, ते विचारायचं नाही. बाहेर अवाक्षर काढायचं नाही. वाकड्या कापलेल्या पट्ट्या टोपलीत जात. टाकाऊ माल कुणाचाच नाही, असं धरून एनिड डोक्याच्या रुमालाखाली मूठमूठ घरी नेत होती. त्या दिवसांत चमकीचा कागद दुकानात कुठला मिळायला!

पहिला अंक संपताच हॅरॉप विंगेत आले.

"कुणाला देणार होतीस?"

"देवदूताला."

"थट्टा पुरे. तुझ्या मागे कोण आहे? नाव सांग, नाहीतर पोलीस बोलावतो."

"मी तुरुंगात गेले तर पोरीने कुठे जायचं हो?"

"नाव!"

"नाव कुठून आणू? चोरी माझी, अक्कलही माझीच."

"या पट्ट्या कशाला लागतात, ठाऊक आहे तुला?"

"तुम्हाला आहे?"

हॅरॉप मॉरीनच्या पंखांकडे वळले. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी पंख ओरबाडून शेगडीत कोंबले. कागद जळाला, वर्ख जळेना, राखेत वेटोळी होऊन चमकत राहिला. तोही त्यांनी रुमालात बांधून खिशात घातला. दुसऱ्या अंकात देवदूत बिनपंखांचाच आला, डोळे पुसत.

पोलीस आले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून फाटकावर झडती सुरू झाली आणि पहिली पाळी रोज एनिडची. "पिशवी दाखव, एनिड." चहाच्या वेळी ती आली की बायकांची बडबड थांबे. आणि ती ॲडाकडे टक लावून बघे: ही सहज बोलली, की मुद्दाम?

युद्ध संपल्यावर पेपरातून उलगडा झाला. आपली बॉम्बफेकी विमानं त्या पट्ट्यांचे गठ्ठे आकाशात सोडत. जर्मनांच्या रडारवर विमानंच विमानं दिसत. खरी कुठली, ते तोफांना कळेना.

"आपण आपली पोरं वाचवली गं!" ॲडा म्हणाली.

"हो. आणि खाली झोपलेल्या पोरी कुणाच्या होत्या, ते नाही छापलं?"

एवढं बोलून एनिडने तो विषय कायमचा मिटवला.

म्हातारपणी ती इस्पितळात पडली, तेव्हा मॉरीन उशाशी बसलेली. एका दुपारी काठी टेकत हॅरॉप आले. हातात कापडी पिशवी.

"एनिड, तुझ्यासाठी काहीतरी आणलंय."

तिने एक डोळा उघडला. त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. तिचे शेवटचे शब्द मॉरीन अजून सांगते. बोलली ते एवढंच:

"आधी पिशवी दाखवा, मिस्टर हॅरॉप."