मडगाडचाचा

देऊळघाटच्या बाजारात चाचांचं सायकलीचं दुकान होतं. समोरून कुणी गेलं की चाचा त्याच्या तोंडाकडे बघत नसत, मागच्या चाकाकडे बघत. चाकावर मडगार्ड नसेल तर मोठ्यानं म्हणत, "नंगी फिरवून राह्यला बे गाडी!" त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. गाव त्यांना मडगाडचाचाच म्हणे.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून नवीनच आले होते. बाई सायकलवरून बाळंतपणाला जाते, हेच गावाला नवल. त्यात एकदा भर बाजारात माझं पातळ मागच्या चाकात गेलं आणि मी सायकलीसकट आडवी. माणसं हसली. रडवेली होऊन मी चाचांच्या दुकानात शिरले.

"चाचा, ही सायकल ठेवून घ्या. मी बदली मागते."

चाचांनी सायकलीभोवती दोन चकरा मारल्या. "तुमची बदली काऊन, बाई? बदली मडगाडची होईन."

दुसऱ्या दिवशी साखळीवर पत्रा आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना तारेची जाळी बसली होती. सायकल कोंबड्यांच्या खुराड्यासारखी दिसत होती. मी तसं म्हणाले, तर चाचा चिडले. "जन्माले येणारं लेकरू तुमची सायकल नाई पाहात!"

बदलीचा अर्ज मी केला नाही.

चाचांना उघडं काही बघवतच नसे. बैलगाडीचा आस घासू नये म्हणून दुकानाच्या कोपऱ्याला त्यांनी लोखंडी पट्टी ठोकली होती. चुलीला वारा लागू नये म्हणून तिच्यापुढे जुनं मडगार्ड उभं होतं. चाची म्हणत, "एक याईच्या जिभीले बसवाले पायजे होतं."

चाचा हरलेले मी एकदाच पाहिले. पावसाळ्यात मी एका अडलेल्या बाईकडे निघाले होते. काळ्या मातीचा चिखल मडगार्डखाली असा गच्च बसला की चाक फिरेना. शेवटी सायकल बांधावर टाकून चिखलातून धावत गेले. बाई आणि मूल वाचलं, पण परत येऊन मी चाचांना चांगलंच सुनावलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग मडगार्ड सोडून वर उचलून बसवलं आणि हळूच म्हणाले, "सासू अन् मडगाड, चार बोटं दूरच बरं."

सहा वर्षांनी माझी खरोखरच मेहकरला बदली झाली. चाचा मला एसटीवर बसवायला आले. निरोपाचं काही बोलतील म्हणून मी खिडकीशी वाट बघत होते, तर हे एसटीच्या मागच्या चाकाशी! तिथला पत्रा लोंबत होता. कंडक्टर ओरडला, लोक कुरकुरले. चाचा तार घेऊन खाली शिरले ते दहा मिनिटं बाहेर आले नाहीत.

बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. गमछ्यानं पुसत म्हणाले, "चिखल गेला, बाई, डोळ्यात."

वैशाख चालू होता. रस्त्यावर नुसता फुफाटा होता.