सप्लाय बंद

बाबा गेल्यावर त्यांचा लॅपटॉप आईला हवा होता, मावशीशी व्हिडिओवर बोलायला. नागपूरला हुडकेश्वरच्या घरी तो साफ करायला मी बसले. माझं पोटच या कामावर चालतं, म्हणून आधी फायरवॉल टाकली. आतला कुठलाही प्रोग्राम बाहेर जायला निघाला की ती त्याला अडवते आणि आपल्याला विचारते, जाऊ देऊ का?

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सहाला तिनं विचारलं. ‘काहून’ नावाचा प्रोग्राम बाहेर निघाला होता.

व्हायरसचं नाव असं कुठं असतं! हा ‘का?’ विचारायचा बाबांचा शब्द. मी माझ्या पसंतीनं लग्न ठरवलं तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, “काहून वं?” मी भडकले. “तुम्हाले विचारून नाही करून राहिली,” मी म्हणाले आणि पुण्याला निघून गेले. चार वर्षं ना त्यांचा फोन, ना माझा. खाण तशी माती.

प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिलेला होता. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्यांनी जन्मभर दर तासाला मीटर बघून नोंद केली, आणि रिटायर झाल्यावर हट्टानं कम्प्युटरचा क्लास लावला. प्रोग्रामशेजारी एक फाइल होती. तारीख, सकाळचे सहा, शेरा: ‘सप्लाय चालू’. पानंच्या पानं तेच. मग दिवाळीनंतर एक दिवस ‘सप्लाय बंद’. त्यानंतर त्यांना दवाखान्यात नेलं त्या सकाळपर्यंत रोज ‘सप्लाय बंद’.

हा प्रोग्राम जातो तरी कुठं, म्हणून मी पत्ता तपासला. पत्ता माझाच होता. इंटरनेटवर माझं एक पान आहे, त्यावर मी अधूनमधून घरच्या आठवणी लिहिते. ‘काहून’ रोज ते पान उतरवून आणत होता, म्हणजे बाबा रोज तिथं येत होते.

आणि मग आठवलं. दिवाळीनंतर पानावर कोण येतं त्या नोंदीत मीच पाहिलं होतं, नागपूरहून कुणीतरी रोज सहाच्या ठोक्याला येतं, क्षणभर थांबतं, जातं. माणूस इतका वेळेचा पक्का असतो का? मेला रोबोट! मी तो पत्ता ब्लॉक करून टाकला. नवऱ्याला फुशारकीनं सांगितलंसुद्धा.

आई चहा घेऊन आली. मी विचारलं, “बाबा माझं लिहिलेलं वाचत होते?”

“रोज. मलेही वाचून दाखवत. मंग एक दिवस म्हणे, पोरीनं आपली लाईन काटली. मी म्हटलं, फोन करा. तर म्हणे, नोको, तिले राग येईन.”

मला रडूही धड येईना. माझ्या पानावरचा तो ब्लॉक काढला, इथं फायरवॉलला ‘जाऊ दे’ म्हटलं आणि ‘काहून’ पुन्हा चालवला. फाइलमध्ये नवी ओळ उमटली, ‘सप्लाय चालू’.

चहा तसाच निवला. आईसमोरच मी त्या पडद्याशी बोलले, “बाबा, मी तुम्हाले रोबोट समजली जी.”