नवमीच्या पूजेत बसलेला सर्व्हर

आमचं ऑफिस बियाण्यांची तपासणी करायचं. भाताचे नमुने यायचे, त्यातलं किती उगवतं ते प्रयोगशाळेतले लोक बघायचे आणि दाखला द्यायचे. मुख्य ऑफिस तंजावुरात, एक छोटी शाखा ओरत्तनाडुला, आणि मालक चेन्नईत. मला घेतलं होतं टायपिंगसाठी. पुढे देशाची दारं उघडली, कॉम्प्युटर स्वस्त झाले, तेव्हा मालकांनी खोलीभर मशिन्स पाठवून दिली आणि ती सांभाळणारा माणूस पाठवायला विसरले. तो माणूस मी झाले. मला कुणी नेमलं नव्हतं. बंद पडलेली वस्तू तशीच पडलेली मला बघवत नाही, एवढंच त्यामागचं कारण.

सर्व्हरची नवी आवृत्ती आली आणि ती घालायची ठरली, तेव्हा मात्र मालकांना एकदम आठवलं की आपली सर्व्हर सांभाळणारी बाई मुळात टायपिस्ट आहे. चेन्नईतल्या एका फर्मचा माणूस त्यांच्या कानाशी लागला होता. त्याला आमचं सगळं काम वार्षिक करारावर हवं होतं. मालकांनी फोनवर मला स्पष्ट सांगितलं: तू म्हणतेस तर तू कर, पण एक दिवसही काम अडलं तर सर्व्हर त्या फर्मकडे जाईल आणि तू पुन्हा टायपिंगच्या टेबलावर. मी हो म्हटलं. त्या ‘पुन्हा’ने मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेव्हापासून मी ठरवलं, हे काम करीन ते असं करीन की बोट ठेवायला जागा राहणार नाही.

डोमेन म्हणजे काय, ते आमच्या ऑफिसात मी असं समजावून सांगायची: हे एक एकत्र कुटुंब आहे आणि कोण घरचं, कोण परकं, कुणाला कोणतं कपाट उघडायची मुभा, हे फक्त मोठ्या सर्व्हरला ठाऊक. शेजारी एक धाकटा सर्व्हर होता. मोठ्याला ठाऊक असलेलं सगळं तो रोजच्या रोज उतरवून घ्यायचा. माझी योजना या धाकट्यावर उभी होती. काम सुरू करण्याआधी त्याची वायर काढायची आणि त्याला गोदामात बंद करून ठेवायचं. मोठ्यावर नवी आवृत्ती घालताना काही बिनसलं, तर धाकट्याला बाहेर काढून गादीवर बसवायचं, म्हणजे जुनं राज्य जसंच्या तसं परत. फाइलींची प्रत टेपवर वेगळी होती, पण माणसांच्या नावांची आणि परवानग्यांची जुनी प्रत एकट्या धाकट्याजवळ. माझ्या हातात परतीची वाट ती एवढीच.

दिवस मी नवमीचा धरला होता. ऑफिसला सुट्टी, मशिन्स मोकळी, कुणाची कटकट नाही. मॅनेजरांकडे गेले तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. ते आमच्याच तंजावुरी मराठी लोकांतले, राजवाड्याच्या मागच्या गल्लीतले, आमच्यापासून चार घरं पलीकडे. गल्लीत मी त्यांना मामा म्हणायची आणि ऑफिसात, इकडच्या उच्चारात सरचं होतं तसं, सार. ऑफिसात ते माझ्याशी तमिळच बोलायचे. त्यांनी शांतपणे विचारलं, आयुधपूजेच्या दिवशी आयुध चालवणार?

देशावर म्हणे दसऱ्याला शस्त्रं पुजतात. आम्ही इतकी वर्षं इकडे राहून इकडचे झालो. आमच्याकडे नवमीला सुताराची करवत, रिक्षावाल्याची रिक्षा, डॉक्टरची नळी, सगळ्यांना गंध-कुंकू लागतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी एक दिवस अलीकडे आले आणि अष्टमीची दुपार मागून घेतली. तीही त्यांनी कुरकुरत दिली. धाकटं मशीन बंद राहू द्या, काही झालं तरी कुणी वापरू नका, हे मी त्यांना एकदा नाही, दहादा बजावलं. ते दर वेळी हो म्हणाले.

घरी निराळंच. मूळ नक्षत्रावर आमच्याकडे सरस्वतीचं आवाहन होतं आणि घरातली पुस्तकं देवीपुढे मांडली जातात. आईने पोथ्यांबरोबर माझं सर्व्हरचं जाडजूड मॅन्युअलही उचलून मांडलं. मी मागायला गेले. ती म्हणाली, “आतां देवीचें तें. विसर्जनापर्यंत हात लावूं नको.”

“मला परवा त्यावर काम आहे गं.”

“शिकलीस ना तें? मग तें तुझ्या डोक्यांत असेल.”

नसलं तर काय, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. उरलेले दोन दिवस मी स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, टाउन बसमध्ये एकेक पायरी ओठातल्या ओठात घोकत होते. बसमधल्या एका बाईला वाटलं, मी स्तोत्र म्हणते आहे. तिने मला जागा दिली.

अष्टमीला दुपारी लोक घरी गेले आणि मी बसले. धाकट्याची वायर काढली, त्याला गोदामात ठेवलं, मोठ्यावर काम सुरू केलं. मध्ये एका ठिकाणी यंत्राने विचारलं: परवानग्या जुन्या मशिन्सनाही वाचता येतील अशा ठेवायच्या, की फक्त नव्यांना? मॅन्युअल देवीपुढे, म्हणून मी चेन्नईच्या त्या माणसाला फोन लावला. सल्ला देणं त्याला भागच होतं, मालकांनी सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, कडक असेल तेच घ्या, फक्त नव्यांना. मी ते घेतलं. दिवेलागणीच्या आत सगळं जागेवर होतं. नवं डोमेन उभं राहिलं, ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवरून मी आत जाऊन पाहिलं. खुशीत घरी गेले आणि आईच्या हातचं हरभऱ्याचं सुंडल दोनदा मागून खाल्लं.

नवमीला मी ऑफिसच्या पूजेला गेले नाही. घरची पूजा होती, आणि खरं सांगायचं तर दमले होते. विजयादशमीच्या सकाळी आईने मला देवीपुढे बसवून मॅन्युअल हातात दिलं; त्या दिवशी पूजेतलं पुस्तक उघडून थोडं वाचायचं असतं. जे पान उघडलं ते प्रिंटरच्या शाईविषयी होतं. भक्तिभावाने तेवढं वाचलं आणि मॅन्युअल घेऊन ऑफिसला निघाले.

ऑफिस मुहूर्तापुरतं उघडणार होतं, पण सांबा भाताच्या पेरणीचे दिवस होते आणि ओरत्तनाडुहून दाखले निघायला हवे होते. पोचते तोच तिकडून फोन. त्यांची शाखा टेलिफोनच्या लाइनवरून आमच्या सर्व्हरला जोडलेली. आज कुणालाच आत घेत नव्हता. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी परवानगी नाही. बाहेर शेतकरी उभे होते. चेन्नईच्या माणसाला कळवलं तर तो थंडपणे म्हणाला, जुनं परत घ्या, उरलेलं आम्ही येऊन बघतो.

मी गोदामात गेले. धाकटा तिथे नव्हता.

तो सर्व्हरच्या खोलीत मोठ्याच्या शेजारी बसलेला होता. कपाळी गंध, कुंकवाचा टिळा, वर झेंडूची माळ, पुढे चुरमुरे-फुटाणे. मागे वायर लावलेली आणि हिरवा दिवा लुकलुकत होता. काल सकाळपासून त्याने मोठ्याकडून नवं सगळं इमानदारीने उतरवून घेतलं होतं. जुनं त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी मॅनेजरांसमोर उभी राहून सगळ्या ऑफिसच्या देखत त्यांना वाटेल तसं बोलले. दहादा सांगितलं होतं म्हटलं, माझं काम गेलं म्हटलं, आणखीही काही म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच ऑफिसात मराठीत बोलले.

“वापरलें नाहीं, बाळ. दिवा मात्र लावला. पूजेस बसलेलें आयुध मेलेलें कसें चालेल? आणि सगळ्यांस वायर, त्यासच नाहीं, तें बरें दिसेना.”

माझ्या सांगण्यात ‘वापरू नका’ होतं आणि त्यांच्या हिशोबी पूजा म्हणजे वापर नव्हे. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मागे जाता येत नाही, मग बसून विचार करण्यावाचून दुसरं काय उरतं?

इथे बसलेले सगळे आत जात होते. अडत होते ते फक्त टेलिफोनवरून येणारे. म्हणजे मोठ्याचं काही बिघडलं नव्हतं, अडवणारा दारातला होता. फोनच्या लाइनी घेणारं आमचं मशीन जुन्याच आवृत्तीवर होतं. आलेल्या माणसाला आत सोडायचं का, हे ते मोठ्याकडच्या परवानग्या वाचून ठरवायचं, आणि चेन्नईच्या सल्ल्याने मी त्या परवानग्या फक्त नव्यांना वाचता येतील अशा करून ठेवल्या होत्या. बिचारं मशीन वाचू पाहत होतं, त्याला काही दिसत नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच परकं ठरवत होतं. मॅन्युअल उघडून तेवढी एक परवानगी सैल कशी करायची ते शोधलं, केली, मोठा बंद करून चालू केला आणि ओरत्तनाडुला फोन लावून पुन्हा जोडा म्हटलं. पलीकडे मोडेमचा किरकिराट ऐकू आला आणि मग बराच वेळ काहीच नाही. मग तिकडची मुलगी म्हणाली, आत गेले.

दुपारच्या जेवणाआधी सगळे दाखले निघाले.

मालकांचा फोन आला तेव्हा मी टेबलाशी नुसती बसून होते. चेन्नईच्या माणसाने आधीच कळवलं होतं की तंजावुरात काम अडलंय आणि जुनी प्रतही गेली. रिसीव्हर मॅनेजरांनी घेतला. ते सारवासारव करतील असं मला वाटलं; सकाळी मी त्यांचा जो पाणउतारा केला होता, त्यानंतर तेही चाललं असतं. पण ते तमिळमध्ये, एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाले, “सार, ती प्रत मी घालवली. तिने मला बजावलं होतं. आणि काम अडलं ते तुमच्या चेन्नईच्या सल्ल्याने अडलं. तिने ते सोडवलं, आजचे दाखले आज गेले.”

फोन ठेवून ते माझ्याकडे आले. मला त्यांच्याकडे बघवेना. सकाळचे माझे शब्द मला आठवत होते आणि त्यांची शरम वाटत होती.

“सर्व्हर तुझ्याकडेच राहतो म्हणाले मालक,” ते मराठीत म्हणाले. “पण पुढल्या नवमीस तो पूजेंत बसणारच. सांगून ठेवतों.”

“बसू दे, मामा,” मी म्हटलं. “वायर मी लावीन.”