शेपट्यांच्या जुड्या

शालान्त परीक्षेत मी इंग्रजीत एकदा गटांगळी खाल्ली होती. पुन्हा नापास झाले, तर शाळा बंद आणि आईबरोबर उसात. आईने माझ्या कोयत्याला नवी मूठ बसवून तो दारामागे टांगूनही ठेवला होता. तो दिसला, की मला आईचाच राग यायचा.

मास्तर सांगत, इंग्रजीतले पुष्कळ लांबलचक शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आले, त्यांच्या शेपट्या ठरलेल्या आहेत. मी ते वहीत उतरवलं आणि विसरले.

आईला अक्षरओळख नव्हती. रविवारी आमच्या बेटावरच्या शमें ग्रेनिए गावच्या बाजारात विकायला ती देठ जुळवून कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची. पाठ करायला मी एकेक इंग्रजी शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्याही तिने एकदा तशाच लावल्या. शेवट दिसायला सारखा, तर जुडी एक.

"वाच गो," ती म्हणाली.

"लिबर्टी. सिक्युरिटी."

"लिबेर्ते, सेकिरिते! हे तर आपन क्रेओलमंदी रोज बोलतो. ह्याला भ्यालीस?"

मला हसूच फुटलं. क्रेओल ही आमची घरादारातली, फ्रेंचमधून घडलेली बोली; म्हणजे निम्मं इंग्रजी माझ्या तोंडात आधीपासूनच होतं.

परीक्षेच्या आदल्या रविवारी मात्र 'टी'वाली जुडी गायब. आई बाजारातून आली, तर ती तिच्या टोपलीत! "कोथिंबिरीबरोबर माझी परीक्षा विकायला नेलीस? तुला काय कळतंय त्यातलं?" मी नको तेवढं बोलले.

आईने जुडी सोडली. क्रेओलमध्ये जोड न सापडलेले शब्द तिने शिकलेल्या गिऱ्हाइकांना विचारून आणले होते. विसरू नये म्हणून प्रत्येक चिठ्ठीला खूण बांधलेली. 'हॉस्पिटॅलिटी'ला ग्रां बुआ गावच्या मळ्यातलं चहाचं पान. "पावन्याला च्या देतो, ते." 'स्कार्सिटी'ला कोथिंबिरीची एकच काडी. "टंचाई," म्हणाली. एकही चुकली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पास झाले. पुढे त्याच भाषेवर पोट भरलं, ते आईमुळे. तिला 'थँक्यू' कधी म्हटलं नाही. आईला कोण म्हणतं? पण म्हणायला हवं होतं.

निकालाच्या दिवशी मी धावत घरी आले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, दारामागचा कोयता काढला आणि अंगणात बसून त्याची नवी मूठ ठोकून बाहेर काढली.

"ही आता माझ्या कोयत्याला लावते," ती म्हणाली. "त्याची कवाच तुटलीया."