नाव शेताचं, खूण बापाची

माणूस एक वेळ पाण्यावाचून जगेल, पण भाऊबंदांवाचून जगणार नाही, हे जगाला पटवून देण्यासाठीच आमचा लाटवियन शेजारी जन्माला आला होता. साठच्या दशकात दुबईच्या खाडीवर नाना देशांची माणसं उतरत; पण लाँचच्या इंजिनाला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाच्या पणजोबांची चौकशी करणारा मिस्त्री हा एकच. नाखवा घाईत असो की ओहोटी लागलेली असो, हा पाना धरून विचारायचा, "पहले बोलो, तुम्हारे दादा का बाप कौन?" मी रत्नागिरीकडचा. चौथ्या पिढीला मी अडखळलो, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पायजमा घालायला विसरून आलो होतो.

खाडीकाठच्या देरा वस्तीतल्या त्याच्या खोलीची एक अख्खी भिंत कोळशाने काढलेल्या वंशवृक्षाने व्यापली होती. घरमालक रंगवायला आला, तर हा भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. म्हणाला, "आधी माझ्यावर कुंचला फिरव." फांद्या उदंड होत्या, पण जिवंत असलेला तो एकटाच. महायुद्धात त्याचं घरदार गेलं होतं आणि देश रशियाच्या ताब्यात जाऊन परतीची वाट बंद झाली होती. म्हणून युरोपातून आलेल्या प्रत्येक जहाजावर चढून तो विचारी, "माझ्या, कल्नी आडनावाचं कोणी आहे का?" कधीच कोणी नसे. परत येऊन तो आमच्याकडे चहा पिई. त्या दिवशी बायको त्याला जेवू घालूनच पाठवी.

त्याच्या लेखी सगळ्यांत खालची जात म्हणजे त्याच्या देशाशेजारचे एस्टोनियन. "सकाळचा विनोद त्यांना संध्याकाळी कळतो," असं तो सांगे. त्याच्या गावच्या किनाऱ्यावर लिव्ह नावाचे कोळी राहत. ते एस्टोनियन आणि फिनिश लोकांचे चुलतभाऊ, समोरच्या एस्टोनियन बेटांशी त्यांची रोजची ये-जा. एवढं तो मान्य करी. पण आपल्या रक्तात त्यातला थेंबही नाही, असं छातीवर हात मारून सांगे.

"समोरासमोर किनारे, आणि सोयरीक नाही?" माझी बायको म्हणे. "कोणाला सांगताय, भाई?"

आपल्या प्रत्येक हत्यारावर तो घराण्याची खूण कोरी. तिकडे कोळ्यांच्या होडीवर, जाळ्यावर घराची खूण असते, आणि धाकटा मुलगा वेगळा निघाला की बापाच्या खुणेत एक रेघ वाढवतो.

एकदा स्वीडनच्या जहाजावरचा एक खलाशी पंप दुरुस्तीला घेऊन आला. निघाला एस्टोनियन, तोही देश सोडून आलेला. हा लाटवियन आहे हे कळताच तो म्हणाला, "बूट काढ. तुम्हाला सहा बोटं असतात म्हणे." आमच्या माणसाने संतापाने दोन्ही बूट काढले. खलाशी मोजायला वाकला आणि त्याची नजर जमिनीवरच्या पान्यावर पडली. त्याने कमरेचा सुरा काढून शेजारी ठेवला. त्यावरही तीच खूण, फक्त एक रेघ कमी.

"आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ बेटावरून तुमच्या किनाऱ्यावर घरजावई गेला होता," तो म्हणाला. "कल्नी नावाच्या शेतावर."

लाटवियात जो ज्या शेतावर नांदायला जाई, त्याला त्या शेताचं नाव चिकटे. जगाची कुळं पाठ असलेल्या या माणसाने ही रीत हजारांना समजावली होती, पण स्वतःच्या पणजोबांना लावून पाहिली नव्हती. नाव शेताचं झालं, खूण मात्र बापाचीच राहिली.

तो तसाच तापल्या वाळूतून अनवाणी पळत माझ्या ऑफिसात आला. "यल्ला, चल! मी एस्टोनियन आहे! माझा भाऊ आलाय!" खाडीवरच्या ओळखी-अनोळखी प्रत्येकाला त्याने चहा पाजला. नवी फांदी काढायला भिंत पुरेना, तेव्हा ती दारावरून वळवून खिडकीपर्यंत नेली. भावाची बायको, मुलं, मावश्या, सगळे स्वीडनमध्ये होते, आणि त्यांनी त्याला बोलावलं.

निघायच्या दिवशी आम्ही धक्क्यावर गेलो. बायकोने तळलेल्या बांगड्यांचा डबा दिला होता.

"भाबी, आता मी एकटा नाही," तो परत परत सांगत होता. "आता माझी माणसं आहेत."

"मिळाली, फार बरं झालं," ती म्हणाली. "पण भाई, इतकी वर्षं आम्ही कोण होतो?"

डबा छातीशी धरून तो लाँचमध्ये बसला आणि लाँच वळेपर्यंत आमच्याकडे बघत राहिला. त्याचं भलं झालं होतं, आणि मला फार वाईट वाटत होतं.